वासरांची हगवण आणि आतड्यातील पाण्याच्या वाटा

एकाच माळावर दिवसभर चरून संध्याकाळी परत आलेल्या गाई आणि शेळ्या गोठ्यात बांधल्या, तर सकाळी त्यांच्याखाली जे पडलेले दिसते त्यात मोठा फरक असतो. गाईच्या शेणात शंभर भागांपैकी ऐंशीच्या आसपास किंवा त्याहून अधिक भाग पाणी असते. शेळीची लेंडी मात्र झाडून टोपलीत भरता येईल इतकी कोरडी असते. चारा तोच आणि पाणवठाही तोच. फरक पडतो तो आतड्याच्या शेवटच्या टप्प्यात. विष्ठा बाहेर पडण्यापूर्वी तिच्यातील पाणी कोणते जनावर किती परत घेते, ह्यावर शेण पातळ की घट्ट हे ठरत असते.

पाणी परत घेण्याचे हे काम किती मोठे आहे, ह्याची कल्पना माणसाच्या उदाहरणावरून येईल. निरोगी प्रौढ माणसाच्या लहान आतड्यात दररोज 8 ते 9 लिटर द्रव उतरतो. त्यांतील सुमारे 2 लिटर खाण्यापिण्यातून आलेला असतो. बाकीचे 7 लिटर लाळ, जठररस, पित्त आणि इतर पाचकरस ह्यांच्या रूपाने शरीरानेच आतड्यात सोडलेले असतात. ह्या सर्वांपैकी विष्ठेवाटे बाहेर जाते ते केवळ 100 ते 200 मिलिलिटर. उरलेले सर्व पाणी आतडे रक्तात परत पोहोचविते. जमाखर्च एवढा मोठा असल्यामुळे त्यात दहाव्या हिश्शाची चूक झाली तरी पातळ हगवण सुरू होते.

हगवणीने वासरू दगावते ते शरीरातील पाणी व क्षार निघून गेल्यामुळे. नवजात वासराच्या शरीरात सत्तर टक्क्यांहून अधिक पाणीच असते. त्यातील थोडा भाग एकदीड दिवसात वाहून गेला, तर रक्त दाट होते, पाय गार पडतात आणि वासरू उठेनासे होते. तथापि हगवण लागलेल्या वासरास पाणी दाखवू नये, पाण्याने हगवण वाढते, असा समज अद्याप पुष्कळ ठिकाणी आढळतो. ह्या समजामुळे जितकी वासरे हकनाक जातात, तितकी मूळ रोगाने जात नसावीत. ह्यासाठी आतड्यात पाणी कोणत्या वाटेने ये-जा करते आणि त्याला दिशा कोण देते, हे गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी व पशुपालकांनी नीट समजून घेणे इष्ट आहे.

पाण्याची दारे

शरीर हे अगणित सूक्ष्म पेशींचे बनलेले असते, आणि प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचे अतिशय पातळ आवरण असते. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, हे स्वयंपाकघरात सर्वांनी पाहिलेले आहे. मग अशा तेलकट आवरणातून पाणी पेशीच्या आत-बाहेर इतक्या त्वरेने कसे जाते, हा प्रश्न शास्त्रज्ञांस दीर्घकाळ पडलेला होता. थोडे पाणी आवरणातून झिरपते हे खरे. पण तांबड्या रक्तपेशी आणि मूत्रपिंडाच्या काही पेशी ह्यांतून पाण्याचा जो ओघ वाहतो, त्याचा उलगडा नुसत्या झिरपण्याने होत नव्हता.

त्याचा उलगडा झाला तो काहीसा अपघाताने. अमेरिकेतील बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पीटर आग्रे हे रक्तगटाशी संबंधित असलेल्या एका प्रथिनाचा अभ्यास करीत होते. तो करीत असता तांबड्या रक्तपेशींच्या आवरणात दुसरेच एक लहान प्रथिन त्यांस विपुल प्रमाणात आढळले. त्याचे कार्य कोणासच ठाऊक नव्हते. पुढे 1992 साली ह्या प्रथिनाची आज्ञा वाहून नेणारे द्रव्य आफ्रिकेतील एका जातीच्या बेडकीच्या अंड्यांत टोचण्यात आले. ही अंडी स्वभावतः गोड्या पाण्यात न फुगता राहतात. परंतु टोचलेली अंडी साध्या पाण्यात टाकताच काही मिनिटांत फुगली आणि फुटली. प्रथिनाने अंड्याच्या आवरणात पाण्यासाठी वाट उघडली होती, हे त्यावरून सिद्ध झाले. ह्या प्रथिनांस पुढे ॲक्वापोरिन असे नाव मिळाले. मराठीत त्यांस जलद्वार प्रथिने म्हणता येईल. आग्रे ह्यांस ह्या शोधाबद्दल 2003 सालचे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक रॉडरिक मॅकिनन ह्यांच्याबरोबर विभागून देण्यात आले. मॅकिनन ह्यांचे कार्य क्षारांच्या वाटांविषयीचे होते.

जलद्वाराची रचना मोठी चतुर आहे. मध्यभागी त्याची वाट इतकी अरुंद असते की पाण्याचे रेणू तीतून एकामागून एक अशा रांगेनेच जाऊ शकतात. विरघळलेल्या मिठाचे कण मागेच राहतात. असे असूनही एका द्वारातून एका सेकंदात सुमारे तीन अब्ज रेणू पार होतात. माणसाच्या शरीरात अशा प्रथिनांचे 13 प्रकार ओळखले गेले असून त्यांपैकी कित्येक आतड्यात आढळतात. काही प्रकार पेशीच्या अन्नाकडील बाजूस, तर काही रक्ताकडील बाजूस असतात. मोठ्या आतड्याच्या पृष्ठभागावरील पेशींत रक्ताकडील बाजूस असणारा तिसऱ्या क्रमांकाचा प्रकार विष्ठा घट्ट होण्याच्या कामी विशेष महत्त्वाचा समजला जातो. बिसाकोडिल नावाचे रेचक उंदरांस दिले असता मोठ्या आतड्यातील नेमका हाच प्रकार घटतो, असे जपानमधील संशोधकांनी 2011 साली दाखविले आहे. रेचकाने पोट मोकळे होते ते काही अंशी पाण्याची परतीची वाट अरुंद झाल्याने, असा त्याचा अर्थ होतो.

येथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवली पाहिजे. जलद्वार पाणी ओढीत नाही आणि ढकलीतही नाही. पाटाचे दारे फोडले म्हणजे पाणी वाफ्यात शिरते ते उतार वाफ्याकडे असतो म्हणून. वाफा पाटाहून उंच असला, तर दारे धरणारा गडी कितीही कुशल असो, पाणी वर चढत नाही. उलट वाफ्यातलेच पाणी पाटात उतरावयाचे. आतड्यातील जलद्वारांचेही असेच आहे. त्यांतून पाणी दोन्ही दिशांनी जाऊ शकते. ते कोणीकडे जाईल हे उतारावर ठरते, आणि हा उतार मीठ व साखर ह्यांसारख्या विरघळलेल्या पदार्थांनी निर्माण होत असतो.

उतार कोण ठरवितो

कैरीच्या फोडींस मीठ लावून ठेवले की त्यांस पाणी सुटते. सुकलेली मनुका साध्या पाण्यात टाकली की फुगते. दोन्हींत नियम एकच आहे: विरघळलेले कण जिकडे अधिक दाट, तिकडे पाणी ओढले जाते. ह्यालाच परासरण म्हणतात. आतड्याच्या पोकळीतून मीठ आणि साखर रक्तात शिरली, तर पाणी त्यांच्यामागून रक्तात जाते. मीठ आतड्यात ओतले गेले किंवा साखर न पचता आतड्यातच पडून राहिली, तर पाणी तिकडे धावते व हगवण लागते. हे पाणी पेशींमधील जलद्वारांतून किती जाते आणि दोन पेशींमधील फटींतून किती, ह्याविषयी, विशेषतः लहान आतड्यापुरते, शास्त्रज्ञांत अद्याप वाद आहे. वाट कोणतीही असो, दिशा मात्र मीठ-साखरेच्या मागे जाण्याचीच असते, ह्याविषयी दुमत नाही.

मीठ आणि साखर रक्तात नेण्यासाठी लहान आतड्यात एक वेगळे वाहक प्रथिन असते. ग्लुकोज साखरेचा एक कण आणि मिठातील सोडियमचे दोन कण एकत्र आले म्हणजेच ते दोहोंस आत घेते. सोडियम आणि साखर अशी जोडीने आत जातात ही कल्पना रॉबर्ट क्रेन ह्यांनी 1960 साली प्राग येथील एका परिषदेत मांडली. बैलगाडीस दोन्ही बैल जोडल्यावाचून ती चालत नाही, तसाच हा प्रकार आहे. नुसते मिठाचे पाणी ह्या वाटेने शिरत नाही. मिठासोबत ग्लुकोज आले की दोन्ही शिरतात, आणि पाणी त्यांच्या पाठोपाठ जाते.

हगवणीत काय बिघडते

वासराच्या जन्मानंतर पहिल्या चार-पाच दिवसांत होणाऱ्या पांढुरक्या-पिवळ्या पातळ हगवणीचे एक नेहमीचे कारण ई. कोलाय ह्या जंतूची एक विशिष्ट जात हे असते. हे जंतू आतड्याच्या भिंतीस चिकटून बसतात आणि एक विष सोडतात. त्या विषामुळे आतड्यातील पेशी क्लोराइड हा मिठाचा भाग पोकळीत ओतू लागतात. त्यामागून सोडियम व पाणी जाते. माणसातील पटकीतही बहुतांशी असेच घडते. पटकीच्या जंतूचे विष हेच रोगाचे मूळ आहे हे कलकत्ता येथे शंभुनाथ डे ह्यांनी सशांच्या आतड्यावर प्रयोग करून 1959 साली सिद्ध केले होते.

पुढील दोन-तीन आठवड्यांत होणाऱ्या हगवणीत रोटा आणि कोरोना गटांतील विषाणू, तसेच क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा सूक्ष्म परोपजीवी ह्यांचा हात अधिक असतो. ह्यांची रीत निराळी आहे. आतड्याच्या आतील बाजूस मखमलीच्या लवेसारखे बारीक अंकुर असतात आणि अन्नरस शोषण्याचे काम ते करतात. विषाणू ह्या अंकुरांच्या शेंड्यांवरील पेशी नष्ट करतात. परिणामी दूध नीट पचत नाही, दुधातील साखर आतड्यात राहते आणि पाणी आपल्याकडे ओढून घेते.

जलद्वारांवरही रोगाचा घाला पडू शकतो. उंदरांस हगवण आणणाऱ्या, ई. कोलायच्या नात्यातील एका जंतूचा अभ्यास 2007 साली प्रसिद्ध झाला. त्यात रोगी उंदरांच्या मोठ्या आतड्यातील दोन प्रकारची जलद्वारे पेशीच्या कडेवरून निघून पेशीच्या आत गेलेली आढळली. पाटाचे दारे उचलून घरात आणून ठेवावे, तसे झाले. जंतूने पेशीत सोडलेली प्रथिने ह्यास अंशतः कारणीभूत होती, आणि रोग बरा होताच जलद्वारे मूळ जागी परतली.

तथापि ह्या शोधावरून सगळी हगवण जलद्वारांच्या बिघाडानेच होते, असे समजणे चुकीचे होईल. उंदरांची एक अशी जात तयार करण्यात आली की जिच्यात चौथ्या क्रमांकाचे जलद्वार मुळीच नसते. तिच्या मोठ्या आतड्यातून पाणी झिरपण्याचा वेग कमी झाला खरा, पण विष्ठा जवळजवळ पूर्वीसारखीच राहिली. जलद्वारांच्या नावाने बाजारात उद्या काही औषध आले, तर ही गोष्ट आठवावी. गोठ्यात आज जे हाती आहे ते म्हणजे उतार सुधारणे, आणि तेवढ्याने पुष्कळ वासरे वाचतात.

ह्याचे कारण असे की विषामुळे क्लोराइड बाहेर वाहू लागले, तरी सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेणारे वाहक सहसा शाबूत राहते. पाणी बाहेर जाण्याची वाट उघडी पडलेली असता आत येण्याची ही वाट मोकळी असते. विषाणूंच्या हगवणीतही सर्वच अंकुर नष्ट होत नसल्याने ही वाट काही प्रमाणात चालू राहते.

बनगावची छावणी

ह्या एका वाटेने काय साधते ते 1971 साली दिसून आले. बांगलादेशच्या मुक्तियुद्धाच्या वेळी लक्षावधी निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि सीमेजवळच्या बनगाव येथील छावणीत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाइन पुरेना. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबीस ह्यांनी एक लिटर पाण्यास 22 ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा अशा प्रमाणात पुड्या बांधविल्या. त्या पिंपांतील पाण्यात मिसळून ते पाणी रोग्यांस तोंडाने देण्यात आले. ते पाजण्याचे काम पुष्कळ अंशी रोग्यांच्या नातलगांनीच केले. तेथील मृत्यूचे प्रमाण शेकडा 30 च्या आसपास होते, ते शेकडा 4 च्या आत आले. त्यापूर्वी 1968 मध्ये ढाका येथे डेव्हिड नॅलिन आणि रिचर्ड कॅश ह्यांनी हा उपचार पटकीच्या रोग्यांवर यशस्वी करून दाखविलेला होता. महालनोबीस ह्यांस 2023 साली मरणोत्तर पद्मविभूषण देण्यात आले. जलद्वारांचा शोध ह्या घटनेनंतर 21 वर्षांनी लागला, ही गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने 2002 पासून ह्या मिश्रणाचे प्रमाण सुधारले. सध्याच्या पुडीत एक लिटर पाण्यासाठी साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज, 2.6 ग्रॅम मीठ, दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम सोडियम सायट्रेट असते. एकूण साडेवीस ग्रॅम. पूर्वीच्या मिश्रणाचा दाटपणा कणांच्या मापाने 311 होता, नव्याचा 245 आहे. रक्ताचा सुमारे 290 असतो. म्हणजे नवे मिश्रण रक्ताहून पातळ आहे आणि उतार रक्ताकडे आहे. तीच पुडी घाईने अर्ध्या लिटरमध्ये कालविली, तर दाटपणा 490 होईल. मग उतार उलटा फिरून रक्तातीलच पाणी आतड्यात येऊ लागेल. पुडीवर लिहिलेले पाण्याचे माप पाळावयाचे ते ह्यासाठी.

मुलास चालते ते वासरास चालत नाही

पुडी हाताशी नसेल तेव्हा लहान मुलांसाठी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून ते पाणी पाजावे, ही गोष्ट आता घरोघरी माहीत झालेली आहे. घरात मुलास दिले आणि गुण आला, म्हणून गोठ्यातील वासरासही साखर-मिठाचे किंवा गुळाचे पाणी पाजावे, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु वासराच्या बाबतीत ही मोठी चूक ठरते.

उसाच्या साखरेचा प्रत्येक कण ग्लुकोज आणि फ्रुक्टोज ह्या दोन साखरा जोडून झालेला असतो. माणसाच्या लहान आतड्यात ही जोड तोडणारे पाचकद्रव्य असते, म्हणून मुलास साखरेपासून ग्लुकोज मिळते व ते सोडियमला घेऊन आत जाते. वासराच्या आतड्यात हे पाचकद्रव्य जवळजवळ नसतेच. निसर्गाने त्यास दूध पचविण्यासाठी घडविले आहे. दुधातील साखर वेगळी असते आणि ती तोडण्याचे द्रव्य वासराजवळ असते. उसाच्या साखरेची सोय नसते. त्यामुळे वासरास पाजलेली साखर किंवा गूळ न पचता आतड्यातच राहतो. गोडाच्या बैलावाचून मिठाचा बैल गाडी ओढीत नाही. शिवाय न पचलेली साखर कैरीवरच्या मिठाप्रमाणे पाणी आपल्याकडे खेचते, आणि आतड्याच्या पुढील भागात जंतू ती आंबवितात. पशुपालक मायेने गुळाचे पाणी पाजीत राहतो आणि हगवण वाढत जाते. मग पाणी पाजल्यानेच हगवण वाढली, हा जुना समज पुन्हा पक्का होतो. वस्तुतः दोष पाण्याचा नसून त्यात घातलेल्या गोडाचा असतो.

तांदळाच्या पेजेचेही तसेच. माणसास ती उपयोगी पडते. पहिल्या काही आठवड्यांच्या वासरास मात्र पिठूळ पदार्थ फारसे पचत नाहीत, म्हणून पेज हा त्याच्या उपचाराचा आधार होऊ शकत नाही.

वासरासाठी मिश्रणात ग्लुकोजच पाहिजे. जनावरांसाठी तयार केलेली क्षार-ग्लुकोजाची पूड पशुवैद्यकीय दवाखान्यातून किंवा पशुवैद्याच्या सल्ल्याने औषधाच्या दुकानातून आणून ठेवणे सर्वांत उत्तम. वासरांच्या मिश्रणात सोडियम व रक्तातील आम्लता कमी करणारे क्षार माणसांच्या पुडीपेक्षा बहुधा अधिक असतात, आणि हगवण लागलेल्या वासराचे रक्त आम्लधर्मी होत असल्याने ते आवश्यकही असतात. ती पूड नसल्यास माणसांसाठीची पुडी प्रथमोपचार म्हणून, पशुवैद्य येईपर्यंत, वापरण्यास हरकत नाही; कारण तीत ग्लुकोज आहे. मात्र पुडीवरील घटक वाचून पाहावेत. तशाच वेष्टनात मिळणाऱ्या काही गोड पेयांत उसाची साखर असते. ती वासरास पाजू नयेत. मिठाचे प्रमाण कधीही मुठीच्या अंदाजाने घेऊ नये. अधिक मीठ विषाप्रमाणे बाधते आणि त्याने वासरास झटके येऊन ते दगावू शकते.

किती व कसे पाजावे

प्रथम वासराने किती पाणी गमाविले आहे ह्याचा अंदाज घ्यावा. मानेवरील कातडी चिमटीत धरून सोडावी. निरोगी वासराची कातडी तत्काळ सपाट होते. ती काही क्षण तशीच उभी राहिली आणि डोळे खोल गेलेले दिसले, तर वजनाच्या शेकडा 8 च्या आसपास पाणी गेले आहे असे समजावे. 25 किलो वजनाच्या वासराच्या बाबतीत हे 2 लिटर होतात. ते भरून काढलेच पाहिजेत, आणि हगवण चालू असेतोवर जे जात राहील त्याची भर वेगळी घातली पाहिजे. एवढ्या वासरास एका वेळी एक लिटरच्या आसपास असे दिवसातून तीन-चार वेळा मिश्रण द्यावे. मिश्रण अंगाच्या उबेइतके कोमट असावे. चोखण्याच्या बाटलीने दिल्यास उत्तम, कारण चोखताना अन्ननलिकेपुढील पन्हळ मिटून द्रव सरळ खऱ्या जठरात उतरतो.

तोंडात बोट घातले असता वासरू चोखत नसेल, त्याचे तोंड आतून गार लागत असेल किंवा त्यास उभे राहता येत नसेल, तर जबरदस्तीने काहीही पाजू नये. बांबूच्या नळीने ओतलेले पाणी अशा वेळी फुप्फुसात जाते. हे वासरू तोंडाने उपचार करण्याच्या पलीकडे गेलेले असते. त्यास शिरेतून द्रव द्यावा लागतो आणि ते काम पशुवैद्याचेच आहे. अशा वेळी उद्या पाहू म्हणून थांबल्यास बहुधा वासरू हाती लागत नाही.

दूध तोडावे किंवा कसे, हा नेहमीचा प्रश्न. एकदोन दिवस दूध बंद ठेवण्याचा सल्ला पूर्वी दिला जात असे. आता दूध चालू ठेवणे हितकर असल्याचे मान्य झालेले आहे. एक लिटर मिश्रणातील ग्लुकोजापासून पन्नास-पंचावन्न कॅलरी मिळतात, तर एक लिटर गाईच्या दुधापासून सहाशेहून अधिक. नुसत्या मिश्रणावर ठेवलेले वासरू पाण्याने सावरले, तरी उपासाने खंगत जाते. म्हणून दूध नेहमीइतकेच, पण थोडे थोडे करून अधिक वेळा द्यावे. मिश्रण मात्र दुधात कालवू नये. त्यातील सायट्रेट किंवा सोड्यामुळे जठरात दूध नीट साकळत नाही आणि पचन अडखळते. दूध आणि मिश्रण ह्यांत किमान दोन तासांचे अंतर असावे. ह्याशिवाय स्वच्छ साधे पाणी वासरापुढे सदैव ठेवावे.

जंतुनाशक औषधांचा आग्रह पशुवैद्याकडे धरू नये. विषाणूंच्या हगवणीवर त्यांचा परिणाम होत नाही. ताप असेल, शेणात रक्त असेल किंवा वासरू अतिशय मलूल असेल, तर ती द्यावयाची की नाहीत हे पशुवैद्य ठरवील.

प्रतिबंधाच्या बाबतीत चीक पाजण्याचे महत्त्व सर्वश्रुत आहे. येथे फक्त वेळेचा उल्लेख पुरे. वासराचे आतडे रोगप्रतिकारक द्रव्ये सबंधच्या सबंध रक्तात घेऊ शकते ते जन्मापासून सुमारे 24 तासच, आणि ही शक्ती पहिल्या काही तासांनंतरच उतरणीस लागते. वासराच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पहिल्या दिवसात, आणि त्यातील मोठा भाग पहिल्या दोन-चार तासांत, पोटात गेला पाहिजे. वार पडेपर्यंत चीक न पाजण्याची चाल जेथे असेल तेथे ती सोडावी. वार पडावयास कित्येक तास लागतात, आणि तोवर वासराची ही शक्ती ओसरू लागलेली असते.

हगवण लागलेले वासरू इतरांपासून वेगळे बांधावे. त्याची बाटली व भांडी वेगळी ठेवून दर वेळी गरम पाण्याने धुवावीत, आणि रोगी वासरांकडे सर्वांत शेवटी जावे. क्रिप्टोस्पोरिडियम व साल्मोनेला ही कारणे माणसांसही, विशेषतः लहान मुलांस, बाधतात. म्हणून वासरास हात लावल्यावर साबणाने हात धुतल्यावाचून घरातील कोणी मुलास भरवू नये. कालविलेले मिश्रण झाकून ठेवावे आणि 24 तासांनंतर उरले असल्यास ओतून देऊन नवे करावे.